छप्पर बांधा, कागद मागा

(युवकांच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तुम्ही साहित्यावर ऐकलंत, विद्रोहावर ऐकलंत, जात आणि वर्ग यांच्यावर ऐकलंत. आता माझी पाळी. मी कवी नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. मी पत्र्याची छपरं, अँगलच्या कैच्या, लोखंडी जिने करणारा माणूस. हातावर वेल्डिंगचे डाग आहेत, तेच माझं सर्टिफिकेट. त्यामुळं मी बोलणार पत्र्यावर, हुकावर, तारेवर. चक्रीवादळात आपल्या माणसांचं घर कसं टिकवायचं, यावर.

एका दोस्तानं विचारलं, चळवळीच्या शिबिरात पत्र्याचं काय काम? त्याला म्हटलं, बाबा रे, तू ज्याच्याखाली बसून क्रांतीच्या कविता लिहितोस तो पत्रा रात्री दोन वाजता उडाला तर कविता भिजेलच, पण तुझ्याआधी तुझी आई भिजेल, रेशनचं धान्य भिजेल, धाकट्या भावाची वह्या-पुस्तकं भिजतील. ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे त्याला छप्पर हा विषय वाटत नाही. आपल्याला वाटला पाहिजे.

आधी हे वादळ काय असतं ते थोडक्यात. अमेरिकेत त्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानकडे टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. नावं तीन, चीज एकच. समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर चढते, खाली हवेचा दाब कमी होतो, चहूबाजूंनी वारा आत धावतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं गोल गोल घुमायला लागतो. ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेला की अमेरिकावाले त्याला हरिकेनचा दर्जा देतात. वर्षानुवर्षं ही बातमी आपल्यासाठी आंध्र आणि ओरिसाची होती. १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या दिवीसीमा भागात समुद्र गावांवर चढला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपण मुंबईत पेपर वाचला, हळहळलो, घडी घालून ठेवला.

आता तशी सोय राहिलेली नाही. अरबी समुद्र तापतोय आणि त्याच्यातली वादळं वाढतायत, जोरानंही आणि संख्येनंही. ३ जून २०२० ला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर एक वादळ चढलं. वारा ताशी ११० किलोमीटर, झोत १२० चे. नाव काय, तर ‘निसर्ग’. बांगलादेशनं सुचवलेलं नाव यादीतून आलं, त्यात कुणाचा दोष नाही. पण पेपरवाल्यांना आयतंच सापडलं : निसर्गाचा कोप! पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ मुंबईच्या बाजूनं गुजरातेत गेलं. मुंबईवर ते थेट आलंसुद्धा नाही, नुसतं अंग घासून गेलं, तरी इथल्या वाऱ्यानं शंभरी ओलांडली. आणि ५ ऑगस्ट २०२० ला तर चक्रीवादळ नव्हतंच, तरी कुलाब्याला वारा शंभराच्या वर गेला होता. तेव्हा हा प्रश्न कोकणातल्या आपल्या आजी-आजोबांचा आहे, तसाच इथल्या खाडीकाठच्या, डोंगरउताराच्या झोपडपट्टीचाही आहे.

आता हा ‘कोप’ बघू. निसर्ग वादळानंतर आम्ही काही पोरं पत्रे, हूक, ताडपत्र्या घेऊन रायगड जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीत गेलो होतो. हाच जिल्हा बरं का, पूर्वीचा कुलाबा, ज्याच्या महाडात १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी उचललं. उगीच खोटं बोलायचं नाही. वादळानं बागायतदारांचीही कौलं फोडली, चिऱ्याच्या घरांवरही माड कोसळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. वारा जात विचारत नाही, हे खरं आहे. पण वारा येण्याच्या आधी जातीनं आपलं काम करून ठेवलेलं असतं, हेही तितकंच खरं आहे.

कसं ते बघा. वाडी कुठं आहे? गावाच्या मध्यात, झाडांच्या आडोशाला? नाही. खाजणाच्या कडेला उघड्यावर, किंवा माती सुटते त्या उतारावर. जमीन कुणी वाटली? शेकडो वर्षं खोतांनी वाटली. कुळाचं राब, कुळाचं घर, आणि घराखालची जमीन मात्र खोताची. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चानं मुंबईत आले, ते याचसाठी. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर. पण घर जिथं उभं राहिलं तिथंच उभं आहे. उघड्या जागेवरच्या घरावर वारा जास्त जोरानं येतो, हे कुणीही इंजिनिअर सांगेल. ती जागा उघडी कुणी ठेवली, हे इंजिनिअर सांगणार नाही. ते आपल्याला सांगावं लागेल.

आणि नंतरचं? बाग झोपली तर बागायतदाराला हेक्टरी किंवा झाडामागं काहीतरी मिळतं. पण त्याच बागेत पोफळीवर चढणारा, आळी करणारा, सुपारी सोलणारी बाई, यांचं काय? नवी पोफळ धरायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं मजुरी गेली. त्याचा पंचनामा कुठल्याच फॉर्मात नाही.

त्या वाडीत एक म्हातारी म्हणाली, “बाबा, पत्रा गेला तो गेला. खांब कुठं गेला ता सांग.” पत्रा शेताच्या पलीकडं सापडला होता आणि त्याला वासा, वाशाला खांब, सगळं एकत्र लटकलेलं होतं. म्हातारीच्या त्या वाक्यात सगळं शास्त्र आहे. ते आता उलगडून सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट. आपल्याला वाटतं वारा छपराला ढकलतो, दाबतो. तसं नसतं. छपरावरून वारा वेगानं जातो तेव्हा तो छपराला वर ओढतो. पत्रा वाऱ्यानं पडत नाही, वाऱ्यानं उचलला जातो. त्यात दार किंवा खिडकी फुटली तर वारा आत घुसून खालूनही ढकलतो. वरून ओढ, खालून धक्का. बंद पिशवीत फुंकर मारल्यासारखं घर फुगतं आणि फुटतं.

किती जोर? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर ५५ ते ६० किलो धरा. आता आपली झोपडी घ्या, दहा बाय बारा फुटांची. म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. हिशेब करा, ६०० किलोच्या वर. दहा माणसांना एकदम उचलेल एवढी ओढ. आणि पत्र्याचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून ५५ किलो. आता आपण काय करतो? दगड ठेवतो, विटा ठेवतो, जुने टायर ठेवतो. दहा-दहा किलोचे दहा दगड ठेवले तर शंभर किलो. अजून साडेचारशे किलोची ओढ शिल्लक आहे, ती कोण धरणार? पत्रा तर जातोच, वर ते दगड शेजारच्याच्या पोराच्या डोक्यात. मोकळा दगड छपरावर ठेवणं म्हणजे शेजाऱ्यावर तोफ रोखून ठेवणं. झोपडपट्टीत एकाचा सुटलेला पत्रा दहा घरं कापतो. म्हणून हे काम एकट्याचं नाही, गल्लीचं आहे.

दुसरी गोष्ट, साखळी. पत्रा रिपेला धरलेला हवा, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जमिनीला. एवढ्या पाच गाठी. यातली एक कच्ची राहिली तर बाकीच्या चार पक्क्या असून उपयोग नाही. म्हातारीच्या घरात वरच्या गाठी पक्क्या होत्या, पोरानं मुंबईहून नटबोल्ट आणून बसवले होते. शेवटची गाठ नव्हती. खांब मातीत नुसता पुरलेला. म्हणून पत्र्यानं खांब उपटून नेला.

आता एकेक गाठ.

पत्रा आणि रीप. खिळा नको. खिळा सरळ असतो, सरळ उपसून येतो. वाऱ्याचे धक्के सारखे बसतात, भोक मोठं होत जातं आणि खिळा सुटतो. हूक वापरा, रिपेला खालून मिठी मारणारा, वरून नट आणि रुंद वायसर. वायसरखाली डांबरी किंवा रबरी चकती, म्हणजे पाणी गळणार नाही. हूक पन्हळीच्या उंचवट्यावर बसवायचा, खळग्यात नाही. सगळ्यांत जास्त ओढ कुठं असते? कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ. आपले कारागीर मधे भरपूर हूक मारतात आणि कडेला कंजुषी करतात. उलट करा. कडेच्या रिपांवर मधल्यापेक्षा दुप्पट हूक. पैसे कमी असतील तर मधले कमी करा, पण कोपरा सोडू नका.

वासा, तुळई, खांब. लाकूड असो, बांबू असो, नुसत्या खाचेत बसवून भागत नाही. खाच वरचं वजन पेलते, वर जाणाऱ्याला धरत नाही. जी.आय. तारेचे वेढे द्या, किंवा लोखंडी पट्टी वाशावरून आणून तुळईला दोन्ही बाजूंनी ठोका. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, ते काथ्यानं आवळून बांधत. काथ्या कुजतो, तार गंजते. दर पावसाळ्याआधी बघायचं, सैल झालेली आवळायची, गंजलेली बदलायची. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाचं हरिकेन अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला आलं. श्रीमंत देश, तरी एका काउंटीत पंचवीस हजारांच्या वर घरं जमीनदोस्त. चौकशी झाली तेव्हा काय निघालं? बिल्डरांनी घाईघाईत कामं उरकलेली, छपराच्या फळ्या पुऱ्या ठोकलेल्याच नाहीत, तपासणी नावाला. मग त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि छप्पर भिंतीला लोखंडी पट्टीनं बांधण्यावर भर आला. तीच पट्टी मी तुम्हाला सांगतोय. अमेरिकेत कायद्यानं बसते, आपल्याकडे भंगाराच्या दुकानात किलोवर मिळते.

खांब आणि जमीन. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. खांबाच्या खालच्या टोकाला आडवा गजाचा तुकडा ठोका किंवा वेल्ड करा, म्हणजे तो उपसून येणार नाही. मग काँक्रीट भरा. घनफुटाला काँक्रीट ६८ किलोच्या आसपास भरतं. खड्डा साडेचार घनफुटांचा, म्हणजे एका खांबाखाली ३०० किलो. असे सहा खांब केले की १८०० किलो. आता ये म्हणावं वाऱ्याला. दोन दगडांच्या पाट्या छपरावर ठेवून जे होत नाही ते जमिनीखाली वजन ठेवून होतं. वजन खाली, बंध वर.

तिरपे आधार. चार खांबांची चौकट बाजूनं ढकलली तर पत्त्याच्या घरासारखी कलंडते. कोपऱ्यात तिरपा टेकू दिला की त्रिकोण होतो. त्रिकोण मोडत नाही. प्रत्येक भिंतीच्या चौकटीत निदान एक तिरकी पट्टी किंवा बांबू.

छपराचा आकार. एकपाखी, दुपाखी, चौपाखी यांत चौपाखी छप्पर वाऱ्याला सगळ्यांत चांगलं तोंड देतं. एकदम सपाट पत्र्यापेक्षा मध्यम उतार बरा. वळचण लांब ठेवू नका, दीड फुटाच्या आत. पावसासाठी पुढं मोठा पत्रा काढावासा वाटतो, पण वादळात तोच पंख होतो. पडवी किंवा ओटा झाकायचा असेल तर त्याचं छप्पर वेगळं करा, मोठ्या छपराला जोडू नका. गेलं तर पडवीचं जाईल, घर राहील. कौलारू घर असेल तर कडेची आणि आढ्याची कौलं तारेनं बांधा, किंवा सिमेंटच्या पट्ट्यानं धरून ठेवा.

भाड्याच्या खोलीत राहणारे म्हणतील, आम्ही खड्डे कुठं काढू? त्यांच्यासाठी निदान एवढं. छपरावरून दोन-तीन जागी जाड दोर किंवा जुनं मासे धरायचं मजबूत जाळं टाका, त्याची टोकं जमिनीत तिरप्या ठोकलेल्या खुंट्यांना आवळून बांधा. दगड ठेवायचाच असेल तर जाळ्यात बांधून. वाळूच्या पोत्यांची जोडी आढ्यावरून दोन्हीकडं लोंबती ठेवा आणि ती एकमेकांना बांधलेली असू द्या. हे पुरेसं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप आहे.

तिसरी गोष्ट, वादळ आल्यावर. हवामान खात्याचे रंग लक्षात ठेवा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा. दारं-खिडक्या बंद, आतून आडणा. काही जण सांगतात की एक खिडकी उघडी ठेवावी म्हणजे दाब कमी होतो. ऐकू नका, तीच खिडकी घर फोडते. विजेचा मेन बंद. बाहेरचे डबे, बादल्या, कुंड्या, फळकुटं आत. आणि एक महत्त्वाचं. मधेच वारा एकदम पडला, आभाळ उघडलं, तर बाहेर पडू नका. वादळाचा डोळा वरून जातोय. थोड्या वेळानं वारा उलट दिशेनं, तितक्याच जोरानं येतो. कितीतरी माणसं पत्रे शोधायला बाहेर गेलेली त्यातच मेली आहेत.

आणि घर टिकणार नाही असं वाटलं तर घर सोडा. घर पुन्हा बांधता येतं. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात ओरिसात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ साली फायलिन आलं तेव्हा तिथं दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते, २०१९ च्या फनीत बारा लाख. दोन्ही वेळा मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आत राहिला. खांबांवर उभारलेली निवाराघरं, वेळेवर दिलेला इशारा आणि गावागावांत तयार केलेली पोरं, याच्यावर ते झालं. म्हणजे सरकारच्या हाताला काम लावलं तर हात चालतो.

पण निवाराघराच्या दारात कोण उभा असतो तेही बघायला पाहिजे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टिणम भागात दलितांना मदत छावण्यांतून वेगळं काढलं, पाण्यापासून दूर ठेवलं, मदतीच्या यादीतून गाळलं. हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि मानवी हक्कवाल्यांच्या अहवालांतून आलेलं आहे. समुद्र अंगावर आला तरी विटाळ सुटला नाही! गावची शाळा निवारा असेल तर तिची किल्ली कुणाकडे आहे, हे वादळाच्या दिवशी नाही, एप्रिलमध्ये विचारा. ग्रामसभेत विचारा, मोठ्या आवाजात.

चौथी गोष्ट, कागद. इथं माझं खरं बोलणं आहे.

सरकार म्हणतं आम्ही नुकसानभरपाई देतो. देतं. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेले दर असे : सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. निदान १५ टक्के पडझड झालेलं पक्कं घर ६,५०० रुपये, कच्चं घर ४,००० रुपये. झोपडी पडली किंवा मोडली तर ८,००० रुपये. आठ हजारांत झोपडी पुन्हा उभी राहत नाही, पण ते बाजूला ठेवा. त्या दरपत्रकात झोपडीची व्याख्या आहे : कच्च्या घरापेक्षाही हलकं, तात्पुरतं, गवत-माती-प्लास्टिकचं. म्हणजे जिथं तीन पिढ्या जन्मल्या, मेल्या, लग्नं लावली, ती जागा सरकारच्या भाषेत तात्पुरती. आणि त्याच्याच खाली एक टीप आहे. ती ओळ मी तुम्हाला पाठ करायला सांगतो. तिचा अर्थ असा की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि तसा दाखला सक्षम अधिकाऱ्यानं दिला पाहिजे.

अधिकृत! ज्याला गावानं गावाबाहेर बसवला, खोतानं परड्यात बसवला, शहरानं नाल्यावर बसवला, त्याच्याकडे मागायचा अधिकृत दाखला. १९७६ साली मुंबईत झोपड्यांची गणती झाली, फोटोपास दिले. मग तारखा बदलत गेल्या. या तारखेच्या आधीचा तो माणूस, नंतरचा तो अतिक्रमण. वारा तारीख बघून पत्रा उचलत नाही. भरपाई मात्र तारीख बघून येते. ज्याचं घर सगळ्यांत हलकं त्याचाच कागद सगळ्यांत हलका. म्हणून त्याचं घर दोनदा पडतं, एकदा वाऱ्यानं, एकदा कचेरीत. त्या वाडीत मी पाहिलं, पंचनामा करणारा माणूस डांबरी रस्त्यावर उभा राहून खाली बोट दाखवून लिहीत होता. चिखलात उतरला नाही. ‘अंशतः’ असं लिहिलं आणि गेला. त्या ‘अंशतः’ शब्दात एका कुटुंबाचे लाखभर रुपये गेले.

तुम्हाला वाटेल ही आपल्याकडचीच रड आहे. तर आता जरा अमेरिकेत चला. आपण पँथर हे नाव १९७२ साली कुठून घेतलं? तिथल्या काळ्या भावांकडून. १९६६ साली ओकलंडला त्यांनी पक्ष काढला तेव्हा दहा मागण्या लिहिल्या, त्यात माणसानं राहण्याजोगं घर ही एक मागणी होती. न्यू ऑर्लीन्स शहरातही पँथर होते. तिथं काळ्यांची वस्ती सखल भागात, कालव्याच्या भिंतीखाली. १९६५ साली बेट्सी नावाच्या हरिकेनमध्ये ती वस्ती बुडाली. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना आलं, सरकारी इंजिनिअरांनी बांधलेल्या पूरभिंती फुटल्या, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि तीच वस्ती पुन्हा बुडाली. चाळीस वर्षांत जागा बदलली नव्हती, कारण माणसाला जागा निवडायचा हक्कच नव्हता.

मग भरपाई आली. घरमालकांना मदत द्यायची योजना. तिचा हिशेब असा होता की दुरुस्तीचा खर्च आणि वादळाआधीची घराची किंमत यांत जो आकडा लहान तो धरायचा. ऐकायला किती सरळ! पण काळ्यांच्या वस्तीत घराची बाजारातली किंमत गोऱ्यांच्या वस्तीपेक्षा कमी. तेच घर, तेवढेच खांब, दुरुस्तीला तेवढाच खर्च, आणि मदत कमी. लोक कोर्टात गेले, भांडले, २०११ साली तडजोड झाली आणि सरकारला ६ कोटी २० लाख डॉलर वाढीव मदतीसाठी काढावे लागले. कुणाच्याही तोंडून जातीचा, वंशाचा शब्द न निघता कागदानंच अन्याय कसा होतो, ते यात दिसतं. आपल्याकडचा ‘अधिकृत’ हा शब्द त्याच जातीचा आहे.

दुसरं. तिथं काळ्यांची कितीतरी घरं आज्याकडून बापाकडे, बापाकडून पोरांकडे तोंडी आलेली. वारसाचा कागद नाही. म्हणून मदत नाही. २०१७ साली पोर्टो रिकोत मारिया वादळानंतरही तेच झालं, हजारो अर्ज कागदावाचून फेटाळले. माणसं ओरडत राहिली, वकील भांडत राहिले, आणि २०२१ साली तिथल्या आपत्ती खात्याला नियम बदलावा लागला. आता दुसरा कुठलाच पुरावा नसेल तर घरमालकाची स्वतःची लेखी घोषणाही काही बाबतींत चालते. हे मिळालं कसं? मागितलं म्हणून मिळालं. आपणही हेच मागितलं पाहिजे. लाइट बिल, रेशनकार्ड, पोराच्या शाळेचा दाखला, शेजाऱ्यांची सही आणि स्वतःची घोषणा, एवढ्यावर भरपाई द्या. जमीन कुणाची हा खटला नंतर चालू द्या, आज माणूस भिजतोय.

आणि तिथलीच आणखी एक गोष्ट सांगून आवरतं घेतो. कतरिनानंतर सरकार दिवसेंदिवस पोचलं नाही तेव्हा न्यू ऑर्लीन्समधला एक जुना पँथर, मलिक रहीम, स्वस्थ बसला नाही. त्यानं साथीदारांबरोबर ‘कॉमन ग्राउंड’ नावाची संघटना उभी केली. दवाखाना काढला, छपरांवर ताडपत्र्या टाकल्या, कुजलेली घरं आतून साफ करून पुन्हा राहण्याजोगी केली. बाहेरगावाहून हजारो पोरं कामाला आली. एका हातानं घर दुरुस्त केलं, दुसऱ्या हातानं वस्ती पाडायला आलेल्यांशी भांडण केलं. पँथरगिरी म्हणतात ती ही. नुसत्या डरकाळीनं पत्रा राहत नाही, आणि नुसता पत्रा ठोकून जमीन मिळत नाही.

तर पोरांनो, कामाचं बोलू. वादळांचे आपले महिने दोन जोड्यांत येतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल संपायच्या आत प्रत्येक वस्तीत एवढं झालं पाहिजे.

एक, वस्तीतल्या घरांची यादी. कुठलं छप्पर खिळ्यावर आहे, कुठं म्हातारं माणूस एकटं आहे, कुठं गरोदर बाई आहे. सगळ्यांत हलकं घर आधी बांधायचं, पुढाऱ्याचं नंतर.

दोन, हूक, वायसर, तार यांची एकत्र खरेदी. निसर्ग वादळानंतर पत्र्याचे भाव कसे चढले ते आम्ही दुकानात उभं राहून पाहिलंय. वादळाआधी घेतलं तर स्वस्त पडतं. दोन पाणे, एक ड्रिल, एक शिडी वस्तीच्या मालकीची असू द्या. सुतार, वेल्डर, गवंडी आपल्यातच आहेत. साऱ्या शहराची घरं आपणच बांधली आहेत, आपली बांधायला कुणाची परवानगी?

तीन, प्रत्येक घराचे फोटो, आतून-बाहेरून, आजच्या तारखेचे. मोबाइल सगळ्यांकडे आहेत. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांचे फोटो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पंचनामा होईल तेव्हा चळवळीचा एक पोरगा आणि घरातली बाई दोघं हजर. प्रत मागायची. ‘अंशतः’ लिहिलं तर जागच्या जागी हरकत लेखी द्यायची.

चार, मागणीचं निवेदन. ‘अधिकृत’ची अट काढा, निवाराघर वाडीजवळ बांधा, घराखालची जमीन राहणाऱ्याच्या नावावर करा. ही शेवटची मागणी विसरू नका, कारण काँक्रीटचा खड्डा काढायला जमीन लागते. उद्या बुलडोझर येईल या भीतीनं माणूस पक्का खांब पुरत नाही, दगड ठेवून दिवस काढतो. छप्पर कच्चं राहतं त्याचं मूळ तिथं आहे.

बाहेर टेबलावर मी हूक, खिळा, वायसर आणि तार आणून ठेवलीय. चहा झाला की प्रत्येकानं एकदा हातात घेऊन बघा. हूक कसा बसवायचा ते मी करून दाखवतो, मग तुम्ही करा. बहिणींनी मागं राहू नये, छपरावर चढायला मिशा लागत नाहीत.

जयभीम!